आईचा दुसरा गुडघा

माझे वडील कारखान्यातून रिटायर झाले, पण अधिकाऱ्याची ग्रेड काही त्यांच्या अंगातून गेली नाही. पिपलानीच्या कारखाना-वसाहतीत क्वार्टरच्या टाइपवरून माणूस ओळखला जायचा. कारखान्याच्या दवाखान्यातही अधिकाऱ्यांचा वॉर्ड वेगळा, कामगारांचा वेगळा. सगळं फुकट होतं, म्हणून या मिजाशीची किंमत कुणाला कधी कळली नाही.

अवधपुरीत स्वतःच्या घरात आल्यावर निवृत्तांसाठीच्या आरोग्य विम्याचे दोन पर्याय पुढे आले. एकात हप्ता जास्त, पण खोली हवी ती घ्या. दुसऱ्यात हप्ता कमी, मात्र खोली दोघांत एक आणि बिलातला काही वाटा आपला. बाबांनी दुसरा घेतला. "इथे आजारी पडतंय कोण!" म्हणाले. आईचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते, पण तिला कुणी विचारलंच नाही.

पुढे ती जिना बसून उतरायला लागली. डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघे बदला, आधी एक, मग काही महिन्यांनी दुसरा. आमचा वाटा बाबांच्या ठेवीतून दोन्हींना पुरणार होता. आई हरखली. बरी झाले की मोठ्या तलावाच्या काठाने पायी फिरेन, म्हणाली.

भरती झालो त्या दिवशी दोघांच्या खोलीत शेजारच्या खाटेवर एक बाई आधीच होती. कारखान्यात बाबांच्याच विभागातल्या फिटरची बायको, आणि तिचंही दुखणं गुडघ्याचंच. "अरे भाभीजी, आप! अब तो टाइम अच्छा कट जाएगा," ती म्हणाली. आई हसत खाटेवर टेकलीसुद्धा. बाबा दारातूनच मागे फिरले आणि काउंटरवर जाऊन एकट्याची खोली मागितली.

काउंटरवरच्या मुलीने परोपरीने सांगितलं, "सर, बड़ा कमरा मत लीजिए. सिर्फ किराया नहीं, ऑपरेशन, डॉक्टर, सब उसी हिसाब से कटेगा." मीही सांगितलं.

"माझ्या हाताखालच्या माणसाच्या बायकोशेजारी माझी बायको झोपणार नाही," म्हणाले आणि सही करून मोकळे झाले.

त्या एसी खोलीत आई भिंतीकडे बघत पडून राहिली. बाबा सोफ्यावर पेपर वाचत. विम्याने खरंच त्या महाग खोलीच्या प्रमाणात प्रत्येक खर्चातून पैसे कापले आणि दुसऱ्या गुडघ्याचे पैसे पहिल्यातच संपले. मी पैसे देऊ केले, तर मुलीकडून घेणं त्यांच्या ग्रेडला शोभेना. "बघू पुढच्या वर्षी," म्हणाले. ते वर्ष काही आलं नाही. माझा राग अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

फिटरची बायको दोन्ही गुडघे बदलून रोज सकाळी आमच्या फाटकावरून फिरायला जाते. "चलिए भाभीजी!" अशी हाक मारते. आई फाटकाला धरून हात हलवते.

परवा बाबांचे जुने सहकारी आले होते. बाबांनी पुन्हा त्या खोलीचं पुराण लावलं. सोफा काय, टीव्ही काय, खिडकीतून दिसणारी बाग काय! आई एका हाताने भिंत धरून दुसऱ्या हातात एकेक कप आणत होती. शेवटचा कप ठेवताना म्हणाली, "खोली छानच होती हो. दुसरा गुडघा तेवढा राहिला."

बाबांनी एक घोट घेतला.

"साखर कमी आहे."

मी उठले.

"तू बस गं," बाबा म्हणाले, "तिला चालायला सांगितलंय डॉक्टरांनी."

आई भिंतीला धरून निघालीसुद्धा होती.