जिन्यातली चाचणी

उमेळ्यात मी शिकवणी घेते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मीच. कुणी विचारलं नाही तरी सांगते. धडा संपला की पाच प्रश्नांची छोटी चाचणी, आणि प्रश्नांचा कागद लगेच परत घ्यायचा. दोन्ही तुकड्यांना तीच चाचणी.

चार वाजताची तुकडी अडखळायची, पाच वाजताची मात्र सगळं बरोबर लिहायची. म्हणजे प्रश्न फुटत होते. एकदा जिन्याखाली लपून ऐकलं. फोडणारी होती चारच्या तुकडीतली, सहामाहीला विज्ञानात नापास झालेली मुलगी. पूर्वपरीक्षेतही नापास झालीस तर शिकवणी बंद, असा वडिलांचा दम होता.

"तिसऱ्याचं उत्तर काय गं?" पाचच्या तुकडीतली एक तिला विचारत होती.

"अपवर्तन! किरण पाण्यात शिरताना वाकतो. मंगळवारी पण सांगितलेलं ना, बावळट?"

नापास झालेली ती चक्क शिकवत होती; ओरडायला उघडलेलं तोंड मी मिटलं. दुसऱ्या दिवशी पाच प्रश्नांचे आठ केले, वाढवलेले तीन जुन्या धड्यांवरचे.

"टीचर, आठ? एवढे लक्षात कसे ठेवायचे?" ती बोलून गेली.

"कागदावर तर लिहायचेत. लक्षात कुणासाठी ठेवतेस?"

ती घाईघाईने लिहायला लागली. पण आठही प्रश्न उत्तरांसकट जिन्यात पोचले.

पूर्वपरीक्षेत ती पास झाली. पेढे घेऊन आली नि चुळबुळत म्हणाली, "टीचर, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"काही सांगू नकोस," मी पेढा तोंडात टाकत म्हटलं, "उद्यापासून दहा प्रश्न आहेत."