जाऊन राहिल्या का?

नागपूरचा उन्हाळा आणि नागपूरचा नवरा मला एकाच वर्षी मिळाले, आणि सवय दोन्हींची नव्हती. मी पुण्याची. लग्न होऊन धंतोलीत आले ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मे महिन्यात आमचे हे कचेरीतून यायचे, फरशीवर बादलीभर पाणी ओतायचे आणि त्यात उघड्या अंगानं पालथे पडून म्हणायचे, "मी इथं भाजून राहिलो वं!" माणूस सरकारी कारकून, पण स्वप्नं सगळी थंड हवेची. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी राजीनामाच दिला. चिखलदऱ्याला जायचं, एसटी स्टँडजवळ तर्री-पोह्यांचं दुकान टाकायचं, ठरलं! कोणी ठरवलं? त्यांनी आणि त्या ओल्या फरशीनं.

अख्खी आळी समजवायला आली. घरमालक म्हणाले, "अरे, सारा विदर्भ बरा व्हायले धंतोलीच्या दवाखान्यात येते, अन् तू इथून पळून राहिला?" मी मात्र भांडले नाही. एकच अट घातली. दिवाळीपर्यंत बघीन, नाही जमलं तर परत जाईन, आणि तेव्हा मला अडवायचं नाही. हे लगेच हो म्हणाले. त्या भरात मी चंद्र मागितला असता तरी हो म्हणाले असते.

पावसाळ्यात चिखलदरा दिसतच नाही हो! नुसतं धुकं. दार उघडलं की ते पाहुण्यासारखं आत येऊन बसायचं, उठायचं नाव नाही. मिठाचं पाणी झालं. काडेपेटी चुलीजवळ शेकावी लागे. पापडाची रुमालासारखी घडी घालता यायची, तीही न मोडता. साडी वाळली असं मी श्रावणभर म्हटलं नाही. आणि आमचे हे? अंगात दोन स्वेटर, कानांना मफलर, आणि दिवसभर एकच जप, "काय हवा आहे, काय हवा आहे!" मी म्हणायची, हवा आहे ती ठीक, पण तुमचं नाक कुठं आहे ते एकदा दाखवा.

दुकान मात्र चालायला लागलं होतं. धुक्यातून कुडकुडत आलेल्या माणसाला गरम तर्री मिळाली की तो दुसरी प्लेट मागायचाच. पोहे मी भिजवायची, तर्रीला फोडणी मी द्यायची. यांना फक्त विकता यायचं, आणि गप्पा रंगल्या की तेही विसरायचे. मी गेले तर दुकान बंद, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. दिवाळी जवळ येत गेली तसे आम्ही त्या विषयावर एक अक्षर बोलेनासे झालो.

दसऱ्यानंतर माझी दाढ ठणकली म्हणून मी डोंगराखाली परतवाड्याला गेले आणि तिथं नणंदेकडे मुक्काम करून आले. आले त्याच्या दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. मी आनंदानं ट्रंक ओढत ओसरीवर आणली, सगळ्या साड्या उन्हात वाळवायला बाहेर काढल्या. तेवढ्यात दूधवाली आली. ट्रंकेकडे बघत म्हणाली, "जाऊन राहिल्या का, बाई?"

नागपुरात राहूनही माझा कान ऐन वेळी माहेरी जायचा. मला वाटलं, परतवाड्याला जाऊन मुक्काम केलात का, असं विचारतेय. म्हटलं, "हो, जाऊन राहिले." त्या बिचारीनं दूध ओतलं आणि तरातरा दुकानाच्या दिशेनं निघून गेली. मी म्हटलं, आज हिला घाई दिसतेय.

थोड्याच वेळात हे चढ चढून धापा टाकत आले. माझ्याकडे बघेनात. ओसरीवर बसले आणि माझ्या साड्यांच्या घड्या घालायला लागले. घड्या कसल्या, बोळेच ते!

"शब्द देला होता, तुले अडवत नाही," म्हणाले. मग आत गेले, स्वतःचे दोन शर्ट आणले आणि माझ्याच ट्रंकेत टाकले.

"हे काय?"

"मी बी येऊन राहिलो. दुकानाले कुलूप लावलं. तू नसली तर मले काय करायचं आहे ह्या डोंगराचं?"

या वेळी माझा कान चुकला नाही. दूधवालीनं 'निघालात का?' असं विचारलं होतं, तेही लख्ख उमगलं. मला हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही यायला लागलं. खरं सांगते, जायचं माझ्या मनात होतंच. धंतोलीची कोरडी फरशी, सीताबर्डीतली संध्याकाळ रोज आठवायची. पण हा माणूस माझ्यासाठी पुन्हा त्या भट्टीत जाऊन पडायला निघाला होता, तेही स्वेटर न काढता. असा राग आला ना मला, आणि इतका जीव लागला!

"आधी जाऊन कुलूप उघडा," मी म्हटलं. "गिऱ्हाईक उभं असेल. आणि ते शर्ट काढा माझ्या ट्रंकेतून. मी कुठंही जात नाहीये. मी... राहून राहिले."

जन्मात पहिल्यांदाच मी त्यांच्या बोलीत बोलले होते. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग मफलरनं नाक पुसून माझी चूक काढायला लागले.

"राहिले नाही वं. आमच्यात बाई 'राहिली' म्हणते."

"बरं," मी म्हटलं. "राहिली."