रेडवुडला नेणारे भानुदासकाका

युट्रेख्टच्या मराठी घरांत कुणाचे आईवडील तीन महिन्यांसाठी आले की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी भानुदासकाकांचं नाव काढायचं. मुलं-सुना ऑफिसात, बाहेर बोचरा वारा, टीव्हीवर डच. म्हातारी माणसं खिडकीत बसून कंटाळायची. मग शनिवारी सकाळी काका आपली निळी गाडी घेऊन दाराशी हजर व्हायचे. पाऊण तासावर पुटेन गाव, आणि गावाबाहेरच्या रानात कॅलिफोर्नियाहून बी आणून दीडशे वर्षांपूर्वी लावलेली रेडवुडची झाडं. काका पाहुण्यांना त्या झाडाच्या बुंध्यावर बुक्की मारायला लावत. साल इतकी मऊ की हाताला काही लागत नाही. सत्तरीची माणसं पुन्हा पुन्हा बुक्क्या मारत आणि हसत.

अकरा वर्षं हे चाललं होतं. ऑफिसातून निवृत्त झाल्यावर काकांना कुणी काही विचारेनासं झालं होतं. मुलगा दूर, दोन्ही नातवंडं डचमध्ये बोलणारी. या शनिवारांनी त्यांना परत माणसांत आणलं.

आणि गेल्या दीड वर्षापासून काकांना नीट दिसत नव्हतं.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता, डाव्यात सुरू झाला होता. उन्हात ठीक होतं. झाडांच्या सावलीत मात्र समोरचा सायकलवाला विरघळून जायचा. पंचाहत्तरी चार महिन्यांवर आली होती, आणि इथे पंचाहत्तरीला लायसन नवं करायचं तर वैद्यकीय तपासणी लागते. सुमतीकाकू म्हणत होत्या की आत्ताच डॉक्टरांकडे जाऊ, अर्ध्या तासाचं ऑपरेशन असतं. काकांचं एकच म्हणणं होतं. एकदा कागदावर आलं की लायसन गेलं, आणि लायसन गेलं की शनिवार गेले.

मग दोघांनी एक पद्धत बसवली. कुणी ती ठरवली नव्हती, पण ती बसली. काकू शेजारी बसायच्या आणि अखंड बोलायच्या. 'त्या बाईचं जाकीट किती लाल आहे' म्हणजे उजवीकडे सायकल आहे. 'बदकं रस्ता ओलांडतील बाई इथे' म्हणजे वेग कमी करा. गाडी लागते असं सांगून त्या पुढची जागा कधी सोडायच्या नाहीत. पाहुण्यांना वाटायचं, काकू भारी बोलक्या आहेत.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी दोन वर्षांपूर्वी इथे नोकरीला आलेली तेजल आणि तिचे वडील होते. नरेंद्र सबनीस, साताऱ्याला बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, भारदस्त गृहस्थ. काकूंनी पुढचं दार उघडलं तेवढ्यात ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही दोघी मागे निवांत बोला. आम्ही पुरुष पुढे." आणि बसलेसुद्धा. काकूंनी गाडी लागण्याचं तोंडाशी आणलं, पण सबनीसांनी पट्टा लावता लावता ऑपरेशन झालेला गुडघा दाखवला. मागे पाय दुमडत नाही म्हणाले. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला उठा कसं म्हणायचं? काकू मागे बसल्या. आरशात काकांना त्यांचा चेहरा दिसला. काकांनी नजर काढून घेतली.

महामार्गावर निभावलं. काकांनी एक पांढरा ट्रक धरला आणि त्याच्या मागे मागे गेले. सबनीस रस्त्याच्या डांबराचं कौतुक करत होते, प्रत्येक पाटी काय म्हणते ते विचारत होते. काकांना हा रस्ता पाठ होता, त्यामुळे उत्तरं बरोबर येत होती. पुटेनच्या अलीकडे एक पिवळी पाटी आली. काका म्हणाले, हरणांची आहे.

"काका, रस्ता बंदची होती ती," तेजल मागून म्हणाली. "पुढून उजवीकडे वळायला सांगतायत."

काका वळले. हा रस्ता त्यांच्या पाठांतरात नव्हता. अरुंद, मधली रेघ नसलेला, दोन्ही बाजूंना बीचची उंच झाडं. ऊन आणि सावली पट्ट्यापट्ट्यांनी काचेवरून सरकत होती. थांबावं असं त्यांना दोनदा वाटलं. थांबून सांगायचं काय, या विचाराने पाय ब्रेकवर गेला नाही. काकू दोन सीटांच्या मधून पुढे वाकल्या होत्या, पण सबनीसांच्या रुंद खांद्यापलीकडचं त्यांना दिसत नव्हतं. सबनीस कोयना भागातल्या एका घाटाच्या कामाबद्दल सांगत होते.

पुढे चौक होता. पाटी नाही, सिग्नल नाही. अशा ठिकाणी उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग ती सायकल का असेना. काकांना चौकच उशिरा दिसला. काकूंना मात्र बाजूच्या काचेतून सायकल दिसली.

"अहो, थांबा."

काकूंचा आवाज चढला नव्हता, पण एवढ्या वर्षांत असा आवाज काकांनी कधी ऐकला नव्हता. पाय आपोआप दाबला गेला. सगळे पुढे फेकले गेले. गाडीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर सायकलचं चाक होतं, आणि सायकलवर काकांच्याच वयाची एक पांढऱ्या केसांची बाई, दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभी.

तिने आरडाओरडा केला नाही. खिडकीशी आली आणि डचमध्ये विचारलं, मी दिसले नाही का?

"या सायकलवाल्यांना कुठून घुसावं ते कळत नाही," सबनीस म्हणाले. "तुमची काही चूक नाही, भानुदासराव."

काकांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. त्यांनी काच पूर्ण खाली केली आणि त्या बाईला डचमध्ये सांगितलं की नाही, तुम्ही मला दिसला नाहीत, माझे डोळे गेलेत. मग मागे न बघता मराठीत म्हणाले, "मला दिसत नाही. दीड वर्ष झालं. ही सांगते म्हणून चालवतो."

ती बाई हँडल घट्ट धरून तिथेच उभी होती. तेजल उतरून तिच्यापाशी गेली, तिला रस्त्याकडेच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं. परत आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

"काका, मागच्या महिन्यात माझ्या मैत्रिणीच्या आईबाबांना नेलंत तुम्ही."

"नेलं."

"आणि काकू, तुम्ही बोललाही नाहीत कुणाला."

"बोलत होते ना, सारखी," काकू म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

सबनीस खाली बघत गुडघा चोळत होते. मग त्यांनी तेजलला विचारलं, तुझं लायसन इथे चालतं ना. चालत होतं, पण दोन वर्षांत तिने सायकलशिवाय काही चालवलं नव्हतं. काकांनी किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. रेडवुडची झाडं तिथून तीन किलोमीटरवर होती. कुणीही त्यांचं नाव काढलं नाही.

"ही आता माझ्याकडे राहील," तेजल म्हणाली. "सोमवारी डॉक्टरांकडे मी येते बरोबर."

"आठला त्यांचा फोन सुरू होतो," काका म्हणाले. "मी करतो. तुझ्यासमोर करतो हवं तर."

ती बाई सायकलवर बसून गेली. काका ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांना ते अंतर फार लांबचं नव्हतं. तेजलने गाडी सुरू केली. पहिल्यांदा ती धक्का खाऊन बंद पडली. दुसऱ्यांदा हळूच निघाली.