सेट, आणि एक आळणी ताट

कॅरिबियन समुद्रातल्या कॅरिआकू बेटावर हाड बसवायचं असो की समुद्रात मासे धरायचा पिंजरा लावायचा असो, लोकांच्या तोंडी शब्द एकच, सेट. जेली थिजली, सेट झाली. सूर्य बुडाला, तोही सेट झाला. आपल्याला दहा शब्द लागतात. आयांथीमावशीचं सगळं आयुष्य त्या एकात मावलं होतं. गावाची निखळलेली हाडं तीच बसवायची. मनगट चाचपता चाचपता अशी काही थट्टा करायची, की माणूस हसत असतानाच कळ यायची आणि हाड जागेवर.

तिचा एकुलता एक मुलगा आल्बन पिंजरे सेट करायला गेला तो गेलाच. पाण्याच्या ओढीलाही तिथे सेटच म्हणतात. त्या ओढीने होडी नेली. फळीसुद्धा हाती लागली नाही.

बेटाची रीत अशी, की वर्षातून एकदा आतल्या खोलीत मेलेल्यांसाठी ताट सेट करायचं. जेवण आळणी, मीठ जिवंतांचं. मावशी नवऱ्याचं ताट आत मांडायची. आल्बनचं मात्र बाहेर, स्वतःशेजारी, मीठ घालून. लोक बघायचे आणि मुकाट जेवायचे.

एका वर्षी त्या दिवशी सकाळीच नणंद व्हर्लिन आली. तिच्या स्वप्नात आल्बन आला होता. मेलेली माणसं स्वप्नात येऊन जेवण मागतात, असं बेटावर मानतात. मावशीने आधी हसण्यावारी नेलं. रात्री फणसाएवढं ब्रेडफ्रूट चापलं की अशीच स्वप्नं पडतात म्हणाली. व्हर्लिन हसली नाही.

"वहिनी, ओलाचिंब दारात उभा होता. म्हणाला, सगळे आत जेवतायत, मला कुणी बोलवत नाही."

"मग माझ्या स्वप्नात का येत नाही तो?"

"तू त्याला मेलाच नाही म्हणतेस. येईल कसा?"

 ऊन उतरल्यावर मावशीने मक्याचे उंडे वळले, सगळे आळणी. आल्बनचं ताट बाहेरून उचललं, आत नेऊन बापाच्या ताटाशेजारी सेट केलं. गावाची हाडं बसवणारे हात, पण ताट काही केल्या सरळ बसेना. दार ओढून घेतलं, आणि पुन्हा उघडलं.

"आळणी घास उतरत नाही गं त्याला," ती म्हणाली, आणि ताटाच्या कडेला चिमूटभर मीठ ठेवून आली.

रीत मोडली होती. व्हर्लिनने पाहिलं आणि दार हळूच लोटून घेतलं.