आगपेट्या जमवणारी आक्का

ये, अशी जवळ ये. तिकडे पडवीच्या टोकाला बसून डोंगराचे फोटो काय काढतेस? गणपतीला येता, दोन दिवस राहता, 'काय हिरवं हाय गो!' म्हणता आणि निघून जाता. हे हिरवं आपोआप राहिलं असं वाटतं तुम्हा पोरांना. एकाला तरी विचारावंसं वाटलं का, कोणी राखलं म्हणून? नाही ना? मग ठेव तो मोबाईल आणि ऐक.

माझी मोठी जाऊ होती. सगळी वाडी तिला आक्का म्हणायची. कुडपणच्या खालच्या अंगाला आमची वाडी, आणि डोंगरावर जायची वाट आक्काच्या अंगणातून. त्या वाटेने जाणाऱ्या माणसाला ती आधी पाणी विचारायची आणि मग आगपेटी मागायची. द्यावीच लागे. शिमग्याच्या आधीपासून पाऊस पडेपर्यंत एक काडी म्हणून तिने वर जाऊ दिली नाही. खिसे चाचपायलाही मागेपुढे बघायची नाही. जप्त केलेल्या आगपेट्या एका पत्र्याच्या डब्यात. तिची चूलही त्यावरच पेटायची, दुकानातून आगपेटी आणल्याचं मला तरी आठवत नाही.

एकदा पुण्याकडची पोरं डोंगर चढायला आली. एकाकडे चकचकीत लायटर. तो म्हणाला, आजी, हा माझ्या मित्राने दिलाय, आठवण आहे. आक्का म्हणाली, "असू दे रे. उतरताना घेऊन जा. नाय उतरलास तर मी तुझी आठवण काढीन." पोरगा संध्याकाळी सगळ्यांच्या आधी खाली हजर.

देवाच्या गुरवालाही सूट नव्हती. वरच्या देवळात दिवा लावायचा म्हणजे काडी हवी. मग आक्का स्वतः त्याच्याबरोबर धापा टाकत वर जायची. दिवा लागला, काडी थुंकी लावून विझवली, देवाला नमस्कार केला आणि आगपेटी कमरेला खोचून खाली. गुरव म्हणायचा, या बाईपुढे देवाचं काय चालत नाय, माझं काय चालणार?

तुला वाटेल, एवढं काय त्या गवतात? आमच्याकडे डोंगराला आग लावायची जुनी खोड. गवत जाळलं की नवं चांगलं फुटतं म्हणायचे. कोणी शिकारीला ससा उठवायला लावायचा, कोणी नुसतीच. मग डोंगर काळा, उघडा. पहिल्या चार सरींतच वरची माती निघायची आणि ओहोळाने सरळ सावित्री नदीत, तिथून बाणकोटच्या खाडीत. आक्का म्हणायची, "आपली अर्धी जमीन बाणकोटला राहायला गेली गो. सातबारा इकडं नि माती खाडीत." उरलेली माती होती म्हणून शेत होतं, आणि शेताच्या वरचा झरा मे महिन्यातही वाहत होता. तो झरा आटला की वाडी उठली, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आता गंमत ऐक. सगळ्यांच्या काड्या काढून घेणारी ही बाई स्वतः मात्र दरवर्षी राब भाजायची. भाताचं रोप करायचं त्या तुकड्यावर शेण, पाला, टहाळ पसरून पेटवायचं, हा आपला राब. तो भाजल्याशिवाय रोप येतच नाही, असं माहेरी शिकली, सासरीही तेच. तिच्या लेखी राबाची आग ही आगच नव्हती, ते शेतीचं काम. करायची मात्र सांभाळून. भल्या पहाटे, वारा पडलेला असताना, बाजूला पाण्याच्या कळशा.

त्या वर्षी राब नीट पेटला होता. एवढ्यात सदानंद भावोजी, आमच्या चुलत सासऱ्यांचा मुलगा, तोंडात पेटती बिडी धरून वाटेने वर जाताना दिसले. झालं! आक्काने राब सोडला, पदर खोचला आणि निघाली त्यांच्या मागे. ते पुढे, ही मागे. वरच्या वळणावर गाठलं, बिडी विझवली, आगपेटी काढून घेतली, वर सगळ्या खानदानाचा उद्धार केला. भावोजी मग तिच्या खांद्यावरून खाली बघून हळूच म्हणाले, "वयनी, तो धूर कसला?"

मागाहून वारा सुटला होता आणि राब बांध ओलांडून गवतात शिरला होता. आम्ही सगळे आग झोडपायला ओले टहाळ घेऊन धावलो, पण दुपारपर्यंत अख्खा उतार काळा झाला.

त्या पावसाळ्यात झरा लालभडक झाला. पाणी फडक्यातून गाळून प्यायलो. आक्काच्या शेतात वरून गोटे आणि खडी उतरली. वर एखादा दगड घरंगळल्याचा आवाज आला की घराघरात माणसं उठून बसायची. दरडीखाली गेलेल्या तळीयेचं नाव कोणी तोंडाने काढत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात तेच.

पाऊस सरल्यावर सगळे पुरुष अंगणात जमले. पुढे सदानंद भावोजी. म्हणाले, वयनी, आता आमच्या पेट्या परत दे. आक्काने डबा आणून उपडा केला. निम्म्या पेट्या सादळलेल्या. ही माझी, ती तुझी करत पुरुषांची तिथेच भांडणं. ते निस्तरल्यावर आक्काने चुलीजवळची आपली आगपेटी आणून भावोजींच्या हातात ठेवली.

"ही माझी. आता वाट तू सांभाळ. मला लागली तर तुझ्याकडे मागीन."

"आणि राब?"

"राब नाय."

वाडीला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. पुढच्या पेरणीला तिने कुजलेला पाला आणि शेणखत घालून उंच वाफे केले, न भाजता रोप टाकलं. रोपापेक्षा तणच जोरात! सगळे बांधावर उभे राहून हसायचे. त्या वर्षी भातही कमीच आलं, खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, आक्का, पुढल्या साली भाज बाई गुमान. ती तण उपटता उपटता म्हणाली, "तण काढायला हात हायत गो मला. गेलेली माती वर न्यायला नायत."

आणि भावोजी? आगपेटी हातात आल्यापासून माणूसच बदलला. आक्का निदान आधी पाणी विचारायची. हे थेट खिशात हात घालायचे. बिडी सुटली ती त्यातच. माघात आक्का एकटी कोयता घेऊन उताराच्या कडेचं गवत कापायला गेली, म्हणजे पलीकडून वणवा आला तर मोकळ्या पट्ट्याशी अडेल. तर भावोजी तिच्या आधीच तिथे हजर. मग हळूहळू सगळी वाडी जायला लागली. आक्का मागून ओरडायची, कापा रे, उपटू नका, मुळं राहू देत, मुळांनीच माती धरलीय. तिसऱ्या वर्षापासून झऱ्याचं पाणी पावसातही नितळ यायला लागलं. राब न भाजणारी आता आमच्यात पाच-सहा घरं आहेत.

गेल्या पौषात आक्का गेली. माघात पट्टा कापायला आम्ही गेलो तर पट्टा कुठून सुरू करायचा यावरूनच तासभर वाद. ओरडायलाच कोणी नव्हतं. कापणारेही किती? मी, डोळ्यांचं ऑपरेशन झालेले भावोजी आणि आमच्यासारखीच गुडघे धरून चालणारी चार माणसं. कसाबसा निम्मा कापला. बाकीचा तसाच राहिला, आणि पाऊस येईपर्यंत मी रोज त्या कडेकडे बघत बसले. या खेपेला वणवा आला नाही. दर खेपेला तसंच होईल असं थोडंच आहे!

म्हणून सांगते, बाय, गणपतीला नाही आलात तरी मी रागावणार नाही. माघात या. दोन दिवसांची रजा काढा, भावांनाही घेऊन या. कोयते मी धार लावून ठेवते, नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी माझ्याकडे. फक्त उशीर करू नका, एकदा गवत वाळलं की ते कोणाची वाट बघत नाही.