साहेबांचा शेवटचा चहा

ताईंना भावजयीचं काहीच बघवत नसे. तिचं हसणं, तिचं शिंकणं, तिने कपड्यांची घातलेली नीटस घडीसुद्धा. कारण विचारायची सोय नव्हती, ताई उभं करून ऐकवत. आई गेली तेव्हा भाऊ शाळेत होता. ताईंनी शिवणयंत्रावर मान मोडून लोकांचे पडदे शिवले, स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच, आणि भावाला वर काढलं. तो निवडून आला, मंत्री झाला, सगळ्यांचा साहेब झाला. आणि ही बाई आयती येऊन शेजारच्या खुर्चीत बसली!

साहेबांचा खून झाला तरी हे दुखणं गेलं नाही. वर्तमानपत्रात पहिल्या पानावर भावजयीचा फोटो आला. शेजारी बसलेल्या ताईंचं नुसतं कोपर आलं. ते पान ताईंनी उशीखाली ठेवलं होतं. भावासाठी त्या रडल्या, नाही असं नाही. पण भावजय आपल्यापेक्षा जास्त तर रडत नाही ना, यावर रडतानाही त्यांचं लक्ष होतं.

तपासाला पोलिसांतले दोघं आले. थोरला सर्दीने बेजार. धाकटी गप्प बसून लिहून घेणारी. जेवणाच्या टेबलाशी त्यांनी नणंद-भावजयीला समोरासमोर बसवलं.

"साहेबांचं पुलापलीकडे आणखी एक घर होतं," थोरला म्हणाला. "तिथे एक बाई राहते. हे कोणाला माहीत होतं?"

"काहीतरीच काय," ताई म्हणाल्या. "माझ्यापासून तो काही लपवत नसे."

भावजय टेबलावरचा डाग नखाने खरवडत राहिली.

थोरल्याने नाक पुसलं. "बरं. त्या संध्याकाळी त्यांना चहा कोणी दिला?"

भावजयीचे ओठ हलले. झालं. शेवटचा चहाही हिच्याच नावावर लागणार, उद्या तेही छापून येणार. ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. खरं तर त्या वेळी त्या आपल्या खोलीत पाय शेकत बसल्या होत्या.

"मी दिला," त्या म्हणाल्या. "रोज मीच देते. माझ्या हातचाच लागतो त्याला."

भावजयीने चमकून वर पाहिलं.

"विष चहात होतं," थोरला म्हणाला.

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. शब्द मागे घ्यायला अजून वेळ होता. पण मागे घ्यायचा म्हणजे या बाईच्या देखत कबूल करायचं, की भावाने आपल्या हातचा चहा घेऊन वर्षं लोटली. त्यापेक्षा तुरुंग परवडला.

"दिला मीच," त्या म्हणाल्या. "विषाचं मला माहीत नाही."

"साखर किती घातलीत?"

"दोन चमचे. लहानपणापासून त्याला गोडच लागतो. कमी पडली तर कप सरकवून द्यायचा."

भावजय नुसती गप्प बसली असती तरी निभावून गेली असती. पण तीही काही कमी जळलेली नव्हती. 'त्याला काय आवडतं ते मला विचार,' हे ती लग्न झाल्यापासून ऐकत आली होती.

"साखर?" ती म्हणाली. "वन्सं, त्यांना मधुमेह होता. साखर कधीची बंद आहे. तुमच्या तोंडून बाहेर फुटेल, निवडणुकीत अडचण होईल, म्हणून त्यांनीच तुम्हाला सांगू दिलं नाही. कोरा चहा, वर लिंबू, आणि तो मीच करते. त्या दिवशीही मीच..."

पुढचं तिने गिळलं, पण उशीर झाला होता. थोरल्याने रुमाल खिशात घातला. धाकटी लिहीत राहिली.

मग भावजयीनेही फार ताणलं नाही. "पुलापलीकडचीलाही असाच चहा जमायला लागलाय, असं त्यांनीच मला येऊन सांगितलं," ती म्हणाली. "वर कौतुकाने सांगितलं."

पोलिसांबरोबर निघताना तिने कमरेचा घराच्या किल्ल्यांचा जुडगा ताईंच्या हातात दिला. "वन्सं, दूध तापत ठेवलंय, तेवढं बघा."

ताईंनी दूध उतरवलं. ज्या किल्ल्यांसाठी भावाच्या लग्नापासून जीव जळला, त्या आता त्यांच्या कमरेला होत्या. त्यांनी कोरा चहा केला, लिंबू पिळलं, साखरेच्या डब्याला हात लावला नाही. भाऊ काय पीत होता ते तरी कळावं. पहिलाच घोट घशाखाली उतरेना.

फाटकापाशी फोटोवाले जमले होते. गाडी निघाली, आणि आत बसलेल्या बाईचा ताईंना अजूनही हेवाच वाटत होता.