जोडीत एक पुरतं

माझं आणि माझ्या दिराचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. मी या घरात आले तेव्हा माझ्या ट्रंकेचं कुलूप अडलं होतं. भावजींनी न विचारता ते क्षणात उघडून दिलं आणि वर म्हणाले, "असलं हलकं कुलूप लावणारं माणूस घर काय सांभाळणार?" तेव्हापासून आमचा छत्तीसचा आकडा आहे.

भावजी किल्लीवाले. बाजाराच्या टोकाला दाराएवढ्या रुंदीचं त्यांचं दुकान आहे. भिंतीभर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, आणि मधे स्टुलावर हे कपाळाला आठ्या घालून बसलेले. गिऱ्हाईक आलं की आधी त्याची अक्कल काढणार, मग किल्ली करून देणार. हातात मात्र कसब आहे, हे मी कुणासमोर कबूल करत नाही. कुलपात तार घालून ते डोळे मिटतात. आतली कुठली पिन उचलली आणि कुठली अडली, ते बोटांच्या टोकांना कळतं. लग्न केलं नाही. यांच्याशी कोण करणार होतं?

त्यांना जगात दोनच गोष्टी आवडतात. रविवारी पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून समुद्रात बुडी मारणं आणि माझी मुलगी. त्यांनी तिलाही बुडी मारायला शिकवलं, हा माझा खरा राग.

ज्या डायव्हिंग क्लबबरोबर ते जातात, त्याच्याच दुकानात मी काउंटर सांभाळते. म्हणून मुलगी शिकायला लागली त्याच आठवड्यात तिच्या मनगटावर मी डाइव्ह कॉम्प्युटर बांधला. खोल पाण्यात हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो. सावकाश वर आलं तर तो निघून जातो. घाई केली तर त्याचे बुडबुडे होतात आणि सांध्यांत, नसांत जाऊन बसतात. तुम्ही किती खोल आहात, तिथे अजून किती वेळ थांबता येईल, वर येताना कुठे थांबायचं, हे तो कॉम्प्युटर सांगतो. पण ज्याच्या मनगटावर असतो, त्याचंच सांगतो.

भावजींनी स्वतःसाठी घेतला नाही. "जोडीने उतरतो, जोडीने वर येतो. जोडीत एक पुरतं," म्हणाले. मुलीचं मनगट ओढायचं, आकडा बघायचा आणि पुढे जायचं. मुलगी वर तरंगत मासे बघते आणि हे तिच्या पार खाली कपारींत डोकं घालतात. मग तिचा आकडा यांना कसा लागू होईल? मी शंभरदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी बजावलं, येत्या रविवारपर्यंत स्वतःचा घेतला नाही, तर पोरगी तुमच्याबरोबर उतरणार नाही. तिला मी दुसरी जोडी शोधून देईन.

बुधवारी दुपारी भावजी काउंटरपुढे उभे. उजवा हात खिशात. आपल्या भावजयीच्या दुकानात खिशात हात घालून उभं राहायचं, हा कुठला माज? मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

"दाखवा काय ते," ते म्हणाले.

मी आधी रंगीत पडद्याचा काढला, मुद्दाम. सिलिंडरमधली हवा दाखवतो, दिशा दाखवतो, फोनशी बोलतो.

"मला बुडी मारायची आहे, वरात काढायची नाही."

दुसऱ्याला चार बटणं होती. ती त्यांनी मोजली आणि तो परत सरकवला. मग मी तो काढला, जो त्यांच्यासाठी आधीच बाजूला ठेवला होता. बुटपॉलिशच्या डबीएवढा, काळा. मोठे आकडे, दोन बटणं, नाण्याने झाकण फिरवून सेल बदलता येतो. सगळ्यांत स्वस्त. रविवारी बुडी मारणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही.

"हा घ्या. यात शहाणपणा चालत नाही. नियम मोडलात तर पुढचे दोन दिवस पाण्यात काही सांगणार नाही."

"तुमच्यासारखाच आहे," म्हणत त्यांनी तो डाव्या हाताने उचलला. मग उजवा हात बाहेर काढून बटण दाबलं. परत दाबलं. "बेकार आहे. दाबलं गेलं की नाही, तेच कळत नाही."

"टिकटिक स्वच्छ लागते बोटाला. खोड काढायची म्हणून काढू नका."

"नाही लागत," ते म्हणाले, आणि नखं पांढरी होईपर्यंत दाबत राहिले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या बोटांना कुलपातली पिन कळते, त्यांना बटण कळत नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"भावजी, हात कधीपासून बधीर आहे?"

त्यांनी हात पुन्हा खिशात घातला. "रविवारपासून. दबला असेल झोपेत. जाईल. यंत्र बांधून द्या, रोख देतो."

"विकणार नाही."

"दुकान आहे का चेष्टा? पैसे घेऊन आलोय मी."

"तुम्हाला विकणार नाही. या रविवारीच काय, डॉक्टर सांगेपर्यंत तुम्ही पाण्यात उतरणार नाही. ते बुडबुडे आहेत, आत्ता इस्पितळात चला. दाबाच्या खोलीत ऑक्सिजन देतात तिथे. तीन दिवस झाले, माणसा, तीन दिवस, आणि तोंडातून अवाक्षर नाही." माझा आवाज चढला, चढू दिला. "पोरीला सांगता आलं नाही?"

त्यांनी ती काळी डबी काउंटरवर ठेवली.

"तिच्या कॉम्प्युटरवरचा आकडा बघून वर आलो मी," ते म्हणाले. "तिला वाटेल तिचंच चुकलं. तिला सांगायचं नाही, वहिनी."

इतक्या वर्षांत या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. मी दिवे घालवले, शटर ओढलं, आणि सवयीने किल्ली त्यांच्यापुढे धरली. घरातलं कुठलंही कुलूप तेच लावतात.

किल्ली कुलपाच्या तोंडाशी घसरली. पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा आत गेली, पण ती फिरली की नाही हे त्यांना कळेना. त्यांनी कुलपाला शिवी हासडली.

"हलकं कुलूप आहे," ते खाली बघत म्हणाले.

"हो," मी म्हणाले, "हलकंच आहे." आणि किल्ली त्यांच्या हातातून काढून घेऊन कुलूप मी लावलं.